नुकसानीचा पहिला घास

आमच्या घरात चारचाकी शिकलेली पहिली व्यक्ती म्हणजे माझी सासू. माझा नवरा सायकलवरून उतरून रस्ता ओलांडणारा, त्यामुळे त्याच्याकडून कुणी अपेक्षाच ठेवली नव्हती. मी माझ्या स्कूटीवर खूश होते. आत्याबाई (आमच्याकडे सासूला अशीच हाक मारतात) गंगापूरच्या मुलींच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, आमच्याकडे औरंगाबादला राहायला आल्या, निरोपाची शाल घडी करून कपाटात ठेवली आणि लगेच ड्रायव्हिंग क्लासमध्ये नाव घातलं. नवरा म्हणाला, आई, या वयात? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. त्यांचा जन्म पोलीस ॲक्शनच्या धामधुमीतला, तोही बैलगाडीत. ट्रकच्या हॉर्नला त्या भिणार नव्हत्या.

क्लासवाला त्यांना हर्सूलकडे न्यायचा, जेलच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं. त्या म्हणायच्या, जेलच्या शेजारी शिकले म्हणून नियम मोडायची छातीच होत नाही. आणि खरंच, त्यांनी कधी सिग्नल तोडला नाही. तिसऱ्या गियरच्या वर त्या गेल्याचंही मला आठवत नाही. उंची बेताची, म्हणून सीट पार पुढं ओढलेलं, त्यावर निळ्या खोळीची उशी, नाक जवळजवळ स्टेअरिंगला टेकलेलं. मागून बघणाऱ्याला गाडी आपोआप चाललीय असं वाटायचं.

दसऱ्याला पांढरी छोटी गाडी दारात आली. तेव्हापासून दर आठवड्याला त्या गाडी घेऊन गंगापूरला जायच्या. तिथं आमची जमीन बटईनं दिलेली आहे, थोडा ऊस, बाकी कापूस. आधी एसटीनं जायच्या तेव्हा बटईदार त्यांना बांधावरूनच हिशोब सांगून वाटेला लावायचा. गाडी आल्यावर तो बाज टाकायला लागला, चहा सांगायला लागला. परत येताना डिकीत वांगी, उसाची कांडकी, कुणाच्या तरी पोरीला शहरात सोडायचं म्हणून मागच्या सीटवर ती पोरगी आणि तिची आई. गाडीतून उतरल्यावर आत्याबाईंना बोलायला इतकं असायचं, की मी कुकर लावता लावता नुसतं ‘व्हय, व्हय’ करत राहायची. आमचं एरवी फार गूळपीठ नव्हतं, पण गाडीच्या दिवशी घर चांगलं असायचं.

वर्ष सरलं, विम्याचं नूतनीकरण आलं. आत्याबाईंनी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बोलावली. ती आता शहागंजकडं राहायची आणि विम्याची कामं करायची. बुरख्यावर हेल्मेट चढवून स्कूटीवर आली, आणि बाईंसमोर बसताना खुर्चीच्या कडेवर ताठ बसली, जणू आता पाढे म्हणायला लावतील. दुपारचा चहा झाला. तिनं कागद पसरले आणि सगळं नीट समजावून सांगितलं. तिचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं. अडली की मात्र ती दखनीत शिरायची.

तिचं म्हणणं असं. दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा वेगळा, तो घ्यावाच लागतो, त्यात आपल्या निवडीला जागा नाही. निवड असते ती आपल्या गाडीच्या नुकसानीत. गाडी ठोकली गेली, की दुरुस्तीच्या खर्चातली पहिली ठरावीक रक्कम गाडीवाल्यानं सोसायची, त्याच्या वरची कंपनीनं. त्यातला थोडा भाग सक्तीचा, तो कुणालाच चुकत नाही. पण आपण होऊन ‘आणखी एवढे माझ्या अंगावर’ असं म्हटलं, तर कंपनी हप्ता कमी करते. जितकं जास्त अंगावर घ्याल तितकी सूट जास्त. याला व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणतात.

आत्याबाईंनी चष्मा वर सरकवला. आयुष्यभर पोरींना समजेल असं बोलायची सवय. त्या म्हणाल्या, “म्हणजे नुकसानीचा पहिला घास आपला, उरलेलं ताट कंपनीचं. आपला घास केवढा, ते आपण ठरवायचं.”

“हौ बाई, बिल्कुल,” ती म्हणाली आणि तिचा चेहरा असा फुलला, जणू वर्गात पहिला नंबर आला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या इंग्रजी शब्दाला ‘पहिला घास’ हेच नाव पडलं.

घासाचे तीनचार आकार होते. सगळ्यात मोठा पंधरा हजारांचा. आत्याबाईंनी त्यावर बोट ठेवलं. मी तिथंच बसले होते, मला राहवलं नाही. मी म्हटलं, सूट मिळते ती वर्षाला बऱ्यापैकी एक साडी येईल एवढी, आणि एकदा गाडी ठोकली की पंधरा हजार एकदम काढावे लागतील, म्हणजे किती वर्षांच्या साड्या गेल्या? मला वाटत होतं मी हिशोबाचं बोलतेय. आत्याबाईंना त्यातलं एकच ऐकू गेलं, की सुनेच्या मते सासू गाडी ठोकणार.

त्यांचा हिशोबही काही कच्चा नव्हता, हे आज कबूल करते. त्या म्हणाल्या, बारीकसारीक खरचटलं तर मी कंपनीच्या दारात जाणारच नाही, गेले तर क्लेम न करणाऱ्याला हप्त्यात मिळणारा, दरवर्षी वाढत जाणारा बोनस बुडतो. मग लहान घास घेऊन त्याचा उपयोग काय? मला कंपनी हवी ती मोठ्या संकटाला. विद्यार्थिनी मान डोलवत होती. पण गाडी रोज वर्दळीत जाते, चालवणाऱ्याचा हात नवा आहे, गाठीला पैसा बेताचा आहे, तर लहान घास बरा, हेही तिनं दबक्या आवाजात सांगितलं. ‘हात नवा’ म्हटल्यावर बाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं उरलेला चहा एका घोटात संपवला.

मग आत्याबाई माझ्याकडं वळल्या.

“तुझा माझ्यावर भरवसा नाय, व्हय ना? मग ऐक. पंधरा हजारांपर्यंत जे होईल ते माझं. ज्या दिवशी माझ्या हातून त्याच्या वर नुकसान झालं, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन. पुन्हा गाडीचं नाव काढणार नाय.”

नवरा आतल्या खोलीतून हे ऐकत होता. त्याला हा तह एकदम पसंत पडला, कारण आईनं गाडी सोडावी असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मी चहाच्या कपबश्या गोळा करायला लागले. मला राग आला होता. भरवशाचा प्रश्न मी काढलाच नव्हता, पण एकदा तो टेबलावर आल्यावर मला ‘आहे भरवसा’ असंही म्हणता येईना.

पुढं दरवर्षी हेच. दसरा जवळ आला की विद्यार्थिनी यायची, चहा व्हायचा, आत्याबाई सगळ्यात मोठ्या घासावर बोट ठेवायच्या, मी सगळ्यात लहान सुचवायची, माझं कुणी ऐकायचं नाही. मला वाटतं काही वर्षांनी मी निव्वळ सवयीनं विरोध करत होते. एकदा आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडी घासली. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी ती गावातल्या डेंटरकडं नेली, पेन्शनमधून पैसे दिले, घरी येऊन म्हणाल्या, घास गिळला, आणि विषय संपला. विमा कंपनीला त्याचा पत्ताही नाही. बोनस आपला वाढत राहिला.

मग ते अधिक भाद्रपदाचं वर्ष आलं.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावई. माझी नणंद नाशिककडं दिलेली. जावयाला बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे आणि तांब्याच्या तबकात अनारसे द्यायचे, वर कपडे. महिनाभर जावई साक्षात नारायण. एरवी आमचे जावई साधे, हसतमुख, जेवणात मीठ कमी असलं तरी न बोलणारे. पण त्यांच्या घरचं वारं वेगळं होतं. तिथं नणंदेची सासू होती, दोन चुलत सासवा होत्या, आणि तिघींनाही बोलायला रोज नवा विषय लागायचा. नणंद फोनवर हे हसून सांगायची. आत्याबाई तो फोन ठेवल्यावर बराच वेळ हसायच्या नाहीत.

नणंद आणि जावई आले, धोंड्याचं जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा वेरूळला जायचा बेत ठरला. मला रजा नव्हती, नवरा ऑफिसला. आत्याबाई, नणंद आणि जावई असे तिघं गेले. निघताना आत्याबाई उशीवर, नणंद मागं, जावई पुढं आत्याबाईंच्या शेजारी. हात हलवून निरोप देताना मला जावयांची दयाच आली, कारण वेरूळला तिसऱ्या गियरमध्ये पोचायचं होतं.

संध्याकाळी गाडी आली ती डावीकडून चेपून आली. मी बाहेर येईपर्यंत तिघंही उतरले होते. पुढचा दिवा फुटलेला, मडगार्ड आत गेलेलं, दोन्ही दारांवर लांब ओरखडा, आणि त्या ओरखड्यात दगडाची पांढरी भुकटी. दौलताबादच्या तटाच्या दरवाज्यातून रस्ता जातो, तिथं समोरासमोर दोन वाहनं मावत नाहीत. समोरून सहलीची बस आली, गाडी डावीकडं घेतली, आणि बादशहांचा दरवाजा काही सरकला नाही. कुणाला खरचटलंही नव्हतं, पण नणंदेचा चेहरा पांढरा पडला होता.

जावई काहीतरी बोलायला तोंड उघडत होते. आत्याबाईंनी पायातल्या चपला काढता काढता त्यांच्या आधीच सांगून टाकलं, “मीच ठोकली. बस अंगावर आली, माझा अंदाज चुकला.” मग त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि जावयांसाठी अनारसे काढले. जावयांनी ते मान खाली घालून खाल्ले. मला वाटलं, सासूच्या अपघाताचा धक्का बसला असेल.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाल्यांनी गाडी टो करून नेली. खर्चाचा अंदाज पंधरा हजारांच्या बराच वर गेला. नवऱ्यानं तो ऐकला आणि आईकडं पाहिलं. बोलायची वेळच आली नाही. आत्याबाईंनी पर्समधून किल्ली काढली आणि पाहुण्यांच्या देखत माझ्या तळहातावर ठेवली.  नवऱ्यानं ती माझ्याकडून घेऊन कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली, आणि आपण सगळे आता सुरक्षित झालो अशा समाधानानं हात झटकले.

नणंद आणि जावई परत गेले. मी विद्यार्थिनीला फोन केला. तिनं सांगितलं, काळजी करू नका, पहिला घास बाईंचा, वरचं सगळं कंपनी बघेल, बोनस जाईल तेवढा जाईल. फक्त दुरुस्तीला हात लावायच्या आधी सर्वेअर येऊन पाहील, आणि गाडी त्या वेळी कोण चालवत होतं ते नाव आणि लायसन्स लागेल. मी हे आत्याबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या, क्लेम करायचा नाही. सगळा खर्च त्या देणार.

मला काही कळेना. ज्या बाईनं वर्षानुवर्षं मला शिकवलं, की पहिला घास आपला आणि मोठ्या संकटाला कंपनी, तीच आता कंपनीचं ताट परत पाठवत होती. एवढे हप्ते भरले ते कशासाठी? मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्या म्हणाल्या, माझे पैसे आहेत, आणि उठून मेथी निवडायला बसल्या. मी तणतणत वर्कशॉपला गेले. गाडीत काही राहिलंय का ते बघायचं होतं आणि त्यांना दुरुस्ती सुरू करा म्हणायचं होतं.

ड्रायव्हरच्या सीटवर बसले तर माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीट पार मागं गेलेलं. मी आत्याबाईंपेक्षा चांगली वीतभर उंच आहे, तरी पोचेनात. निळी उशी मागच्या सीटखाली पडली होती. मी ती ओढून काढली आणि घरी न्यायला मांडीवर घेतली. आमचे जावई चांगले सहा फूट आहेत.

घरी आले तेव्हा मेथी निवडून झाली नव्हती. मी शेजारी बसले, एक जुडी ओढली आणि सरळ म्हटलं, गाडी तुम्ही चालवत नव्हता.

त्यांनी हातातली काडी मोडली. मग शांतपणे सांगितलं. येताना जावई म्हणाले, आई, तुम्ही दमलात, मी घेतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला नाही कसं म्हणणार?

“चूक कुणाचीबी होते,” त्या म्हणाल्या. “बस आली अंगावर, ते तरी काय करतील. पण सासरवाडीची गाडी ठोकून आला, हे त्यांच्या घरात कळलं तर बोलणी कोण खाणार? माझी पोरगी. लई तोंडं चालतात तिथं. तिला तिथं नांदायचंय.”

मी म्हटलं, पण तुमची गाडी गेली.

“पहिला घास माझा, असं मीच म्हणले होते ना? तोंडानं खोटं बोलले, ते पोरीसाठी. कंपनीला माझं नाव सांगून पैसे नाय घेणार. आणि त्यांचं नाव द्यायचं नाय. झालं.” मग त्यांनी मला बजावलं, “आणि तू हे ह्याला सांगू नको. तो नाशिकला एक फोन करून मोकळा होईल, आणि तिथं सगळ्यांच्या कानावर जाईल.”

त्या बोलत होत्या आणि मला स्वतःचाच राग येत होता, त्यांचाही येत होता, आणि नाशिकच्या त्या तिघींचा तर सगळ्यात जास्त. मी मेथीची अख्खी जुडी देठासकट निवडलेल्यात टाकून दिली, ती त्यांनी पुन्हा निवडली.

गाडी दुरुस्त होऊन दारात आली आणि कव्हरखाली गेली. आत्याबाई पुन्हा एसटीनं गंगापूरला जायला लागल्या. कापडी पिशवी, पाण्याची बाटली, स्टँडवर उभं राहणं. परत यायच्या तेव्हा गुडघे दाबत बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, कापूस बरा आहे. बास, एवढंच. बटईदारानं बाज टाकली का, कुणाची पोरगी बरोबर आली, काही नाही. मी कुकर लावून मागं वळून बघायची तर त्या टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसलेल्या. मला त्यांची बडबड इतकी हवीशी वाटेल, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

अधिक महिन्यानं दसरा लांबला, पण पॉलिसी इंग्रजी तारखेनं संपते, ती कुणासाठी थांबत नाही. विद्यार्थिनी आली. कडेवर ताठ बसली. चहा झाला. या वेळी नवराही सुट्टी असल्यानं टेबलाशी होता, आणि बोलायला तोच पुढं. त्याचं म्हणणं, गाडी आता उभीच आहे, कुणी चालवणार नाही, दिवाळीनंतर विकूच, तोवर गिऱ्हाईकानं चालवून बघताना कुठं लागली तर आपल्या अंगावर नको, म्हणून जो कमीत कमी घास असेल तो टाका. विद्यार्थिनीनं नेहमीसारखं बाईंकडं पाहिलं. बाईंनी बोट पुढं केलं नाही. त्या म्हणाल्या, हिला विचार, किल्ली हिच्याकडं आहे.

मी म्हटलं, “सगळ्यात मोठा टाका.”

नवरा म्हणाला, अगं, दरवर्षी तूच भांडत होतीस लहान घे म्हणून. मी म्हटलं, दरवर्षी मला हिशोब येत नव्हता. मी उठले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि आत्याबाईंच्या बशीशेजारी ठेवली. नवऱ्याचा आवाज चढला. आईनं सगळ्यांसमोर शब्द दिला होता, तो कुठं गेला?

“शब्द कुठं मोडला?” मी म्हटलं. “किल्ली माझ्या हातात द्यायची असं ठरलं होतं, ती त्यांनी दिली. आता ती कुणाला द्यायची, ते मी ठरवणार.”

 विद्यार्थिनीला काय चाललंय ते पूर्ण कळलं नसावं, पण तिनं आकडा लिहून टाकला, बहुधा कुणाचा विचार बदलायच्या आत. नवरा माझ्याकडं बघत राहिला. मी त्याला आजतागायत काही सांगितलेलं नाही. आता हे वाचून कळलं तर कळू दे. नणंदेच्या तिन्ही सासवा केव्हाच गेल्या.

आत्याबाईंनी किल्लीवर हात ठेवला, पण उचलली नाही. माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, “आणि खरंच ठोकली तर?”

“तर पहिला घास दोघींत निम्मा,” मी म्हटलं.

त्यांनी डोळे पुसले नाहीत वगैरे. त्या तशा नव्हत्याच. चहा संपवला, विद्यार्थिनीला घरची वांगी बांधून दिली आणि बाहेर गेल्या. मी कपबश्या उचलत होते तेव्हा कव्हर ओढल्याचा आवाज आला, मग दार, आणि मग रुळावरून करकरत पुढं, पार पुढं आलेलं सीट. निळी उशी मात्र घरातच राहिली होती. ती मी नेऊन दिली.